गोमुखाला जायचंय? पुण्याहून गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षय्य तृतीया जवळ आली की पुण्यातून चारधामला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. त्यातल्या बऱ्याच जणांना गंगोत्रीला पोचल्यावर कळतं की गंगेचा उगम देवळापाशी नाही. तो तिथून १८ किलोमीटर वर आहे, तिथे गाडी जात नाही आणि परवान्याशिवाय कोणी सोडतही नाही. हे पान त्यांच्यासाठी आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकून आता पहिल्यांदा हिमालयात निघालेल्यांसाठीही आहे. उत्तरं लांब-आखूड आहेत. जिथे चूक जिवावर बेतू शकते, तिथे ती मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

गंगोत्री राष्ट्रीय उद्यान म्हणजे नेमकं काय? देवस्थान की जंगल?

दोन्ही. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेला लागून, सुमारे २,३९० चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान १९८९ साली झालं. गंगोत्री गाव आणि गंगामातेचं देऊळ सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, उद्यानाच्या अगदी तोंडाशी आहे. आत सुमारे ३० किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी आहे आणि तिच्या टोकाला, चार हजार मीटरच्या आसपास, गोमुख. तिथून भागीरथी निघते. ती देवप्रयागला अलकनंदेला मिळाली की पुढच्या प्रवाहाला गंगा म्हणतात.

राजा भगीरथाने सगराच्या साठ हजार पुत्रांच्या उद्धारासाठी तप केलं, ती भगीरथ शिला देवळाजवळ दाखवतात. आजचं देऊळ गोरखा सेनापती अमरसिंह थापा याने बांधलं असं सांगितलं जातं. आपण वर जातो ते भाविक म्हणून, पण पाय ठेवतो तो हिमबिबट्याच्या आणि भरलच्या, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढीच्या घरात. इथले सगळे नियम त्यातून आले आहेत. हे मनात पक्कं ठेवलं की त्या नियमांचा जाच वाटत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

उद्यान १ एप्रिलला उघडतं आणि ३० नोव्हेंबरला बंद होतं. देवळाचे कपाट अक्षय्य तृतीयेला उघडतात आणि दिवाळीत, अन्नकुटाच्या दिवशी बंद होतात. त्यानंतर देवीची डोली हिवाळ्यासाठी हर्सिलजवळच्या मुखबा गावी जाते.

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वाट मोकळी असते, पण गर्दीही तेव्हाच सर्वांत जास्त. आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पाऊस ओसरलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि शिवलिंग व भागीरथी ही शिखरं सकाळी स्पष्ट दिसतात. थंडी मात्र चांगलीच असते. रात्री पारा शून्याखाली जातो हे धरूनच चाला. शाळेची सुट्टी सांभाळायची असेल तर मे, नसेल तर गणपती विसर्जनानंतर निघा.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. दरडी, फुगलेले नाले आणि हरिद्वारपासूनची कावड यात्रेची गर्दी हे सगळं एकाच वेळी असतं. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरच्या धराली गावावर खीरगंगेचा लोंढा आला आणि पाहता पाहता बाजारपेठ गाडली गेली. त्या वेळी महाराष्ट्रातले, पुणे जिल्ह्यातलेही, यात्रेकरू तिथे अडकले होते. तो रस्ता ओलांडल्याशिवाय गंगोत्री येत नाही. म्हणून पावसाळ्यात स्वस्त मिळतंय म्हणून बुकिंग करू नका.

एकूण किती दिवस लागतील? आठवड्याच्या रजेत जमेल का?

नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वांत जास्त नाराजी याच उत्तरावर होते. पुण्याहून निघून पुण्याला परत, असे किमान दहा दिवस धरा आणि अकरावा दिवस रस्ता बंद पडला तर म्हणून हाताशी ठेवा.

त्यामागचा हिशेब असा. डेहराडून किंवा ऋषिकेशला पोचण्यात पहिला दिवस जातो. दुसऱ्या दिवशी उत्तरकाशी (सुमारे १,१५० मीटर), तिसऱ्या दिवशी हर्सिल (अडीच हजार मीटरच्या वर). चौथ्या दिवशी गंगोत्री आणि पाचवा दिवसही गंगोत्रीतच. सहाव्या दिवशी भोजबासा (गोमुखाच्या अलीकडचा मुक्काम), सातव्या दिवशी गोमुख बघून भोजबासाला परत. आठव्या दिवशी गंगोत्रीला उतरून गाडीने हर्सिल किंवा उत्तरकाशी, नवव्या दिवशी ऋषिकेश, दहाव्या दिवशी पुणे.

यात गंगोत्रीतला तो दुसरा दिवस काटायचा मोह सगळ्यांना होतो. “तिथे एवढं करायचं काय?” असं विचारतात. करण्यासारखं आहे: सूर्यकुंड, दीड-दोन किलोमीटरवरची पांडव गुहा, संध्याकाळची आरती. पण तो दिवस खरं तर शरीरासाठी आहे. गंगोत्रीहून भोजबासाला गेलं की झोपण्याची उंची एका दिवसात सातशे मीटरच्या आसपास वाढते. तीन हजार मीटरच्या वर एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढ करू नये असं डॉक्टर सांगतात. इथे ती मर्यादा ओलांडली जातेच, म्हणून आधी शरीराला सवय करून द्यावी लागते. दिवस कमी असतील तर गोमुख सोडा, पण हा दिवस सोडू नका. चारधाम आणि गोमुख एकाच आठवड्यात करून देणारी सहल कोणी विकत असेल, तर ती घेऊ नका.

पुण्याहून कसं पोचायचं?

पुण्याहून विमानाने दिल्ली किंवा डेहराडून. रेल्वेने जायचं तर झेलम एक्सप्रेस किंवा हजरत निजामुद्दीनच्या गाड्यांनी दिल्ली आणि पुढे हरिद्वार. ऋषिकेशहून उत्तरकाशी साधारण १७० किलोमीटर आणि तिथून गंगोत्री आणखी शंभरेक. आकडे छोटे वाटतात, पण घाटातले शंभर किलोमीटर म्हणजे अर्धा दिवस. ऋषिकेशहून पहाटे सुटणाऱ्या बस आणि शेअर जीप मिळतात. रात्रीचा प्रवास टाळा, चालक तयार असला तरी.

परवाना कुठे मिळतो?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. चारधाम यात्रेची नोंदणी उत्तराखंड पर्यटन विभागाकडे करायची, ती देवदर्शनासाठी. गोमुखाचा परवाना उद्यान प्रशासन म्हणजे वनखातं देतं. तो ऑनलाइन काढता येतो किंवा उत्तरकाशीतल्या कार्यालयातून घेता येतो. दिवसाला १५० माणसांचीच मर्यादा असल्याने मे-जूनमध्ये आधी काढलेला बरा. आधार कार्डाची प्रत आणि फोटो जवळ ठेवा. परवाना तारखेचा असतो, त्यामुळे रस्ता बंद पडून तारीख हुकली तर तो नवा करावा लागतो. शुल्क अर्ज करतानाच तपासून घ्या.

गंगोत्रीपासून दोनेक किलोमीटरवर कनखू इथे वनखात्याची चौकी आहे. तिथे परवाना बघतात, सामान तपासतात, प्लास्टिकची नोंद करतात आणि त्यासाठी अनामत घेतात. परतताना ते प्लास्टिक दाखवलं की पैसे परत.

विरळ हवेचा त्रास होतो म्हणजे काय? तो कसा ओळखायचा?

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. भोजबासाला, ३,८०० मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो. प्राणवायूचं प्रमाण तेच, पण प्रत्येक श्वासात तो कमी येतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं आणि त्याला त्यासाठी वेळ लागतो. तो वेळ दिला नाही की त्रास सुरू होतो. तरुण, धडधाकट, रोज पळणारा माणूसही यातून सुटत नाही. उलट तोच भराभर चढतो आणि आधी आजारी पडतो.

सुरुवातीची लक्षणं अशी: डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, विलक्षण थकवा, झोप न लागणं. डोकेदुखी आणि सोबत यातलं काहीही असेल तर तो विरळ हवेचाच त्रास समजा. “पित्त झालंय,” “रात्रीचं जेवण बाधलं,” असं स्वतःला समजावू नका. त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुढे, नाही तर खाली.

दोन लक्षणं मात्र थांबून बघण्यासारखी नाहीत. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला वाढतोय, छातीत घुरघुर होतेय, तर फुप्फुसात पाणी साठत असेल. चालताना झोक जातोय, बोलण्यात विसंगती आहे, माणूस गोंधळलाय, तर मेंदूला सूज येत असेल. पावलापुढे पाऊल लावून सरळ रेषेत चालायला सांगा. ते जमलं नाही तर लगेच खाली न्या. सकाळची वाट बघू नका. तिथल्या कर्मचाऱ्यांना उठवा, प्राणवायू असेल तर तो लावा, पण उतरणं थांबवू नका. पाचशे ते हजार मीटर खाली आणलं की बहुतेक वेळा माणूस सावरतो. जीव जातो तो “बघू सकाळी” या दोन शब्दांमुळे.

डायमॉक्स या नावाने मिळणारं ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घ्यायला मदत करतं. ते पुण्यातल्या डॉक्टरांना विचारून, मूत्रपिंडाचे विकार आणि सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का हे सांगूनच घ्या. औषध घेतलं म्हणून दिवस कमी करू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य. कापराच्या पुड्या हुंगायला जवळ ठेवायची पद्धत आहे. वास घेऊन बरं वाटतं, पण रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही.

दर रविवारी सिंहगड चढतो. तेवढी तयारी पुरेल का?

पायांसाठी छान तयारी आहे. आतकरवाडीतून गड म्हणजे सहाशे मीटरच्या आसपास चढ. आठवड्यातून दोनदा, पाठीवर पाच-सहा किलो वजन घेऊन, न थांबता चढता आलं तर गोमुखाची वाट पायांना जड जाणार नाही. कात्रज ते सिंहगड हा टेकड्यांचा ट्रेक दमसास तपासायला उत्तम. मधल्या दिवशी वेताळ टेकडी किंवा पर्वतीच्या १०३ पायऱ्या पाच-सहा वेळा. उतरायचाही सराव करा, गुडघे दुखतात ते उतरताना.

पण विरळ हवेची सवय पुण्यात होऊच शकत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे गंगोत्री गावाच्या जेमतेम निम्मं. शिवाय सह्याद्रीत आपण झपाट्याने चढतो, कारण ऊन चढायच्या आत माथा गाठायचा असतो. इथे ती सवय मोडावी लागते. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने चाला.

वाट कशी आहे? किती अवघड?

गंगोत्री ते चीडबासा ९ किलोमीटर, चीडबासा ते भोजबासा ५, भोजबासा ते गोमुख ४. वाट रुळलेली आहे, चढ संथ आहे, भागीरथी सतत उजव्या हाताला. रतनगडाच्या शिड्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखं इथे काही नाही.

धोका वरून येणाऱ्या दगडांचा आहे. चीडबासाच्या पुढे ‘गिला पहाड’ नावाचा पट्टा लागतो. तिथे डोंगर मातीचा आणि सुट्या दगडांचा आहे, आणि वर भरल चरत असतील तर त्यांच्या पायाने दगड सुटतात. त्या पट्ट्यात फोटो नाही, बसणं नाही, अंतर ठेवून एकेकाने भरभर पार व्हायचं. वाटेतल्या नाल्यांवर लाकडी ओंडक्यांचे तात्पुरते पूल असतात. बर्फ वितळल्यामुळे दुपारनंतर पाणी चढतं, म्हणून सकाळी सहाला निघून दुपारी दोनच्या आत भोजबासा गाठलेलं चांगलं. दुपारी तिथे बोचरा वारा सुटतो.

खेचरांवरही संख्येची मर्यादा आहे. त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

राहायची, जेवायची सोय काय?

गंगोत्रीत धर्मशाळा, आश्रम, हॉटेलं भरपूर. भोजबासाला गढवाल मंडळ विकास निगमचं विश्रामगृह आणि लाल बाबा आश्रम, एवढंच. एका खोलीत अनेकांनी झोपायचं, रजया मिळतात, गरम पाण्याच्या आंघोळीची अपेक्षा नको. गोमुखावर मुक्काम करता येत नाही.

जेवण म्हणजे डाळ-भात-पोळी, मॅगी, चहा. इतक्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे डाळ-भात कधी कधी अर्धवट शिजलेला लागतो. भूक मरते, तरी खायला हवं. घरून दाण्याचे लाडू, चिक्की, भडंग, मेतकूट न्या. गरम भात आणि मेतकूट तर भूक नसतानाही जातं. सगळं कापडी पिशवीत किंवा डब्यात भरा, म्हणजे कनखूला वेष्टनं मोजत बसावं लागत नाही.

गोमुखावर स्नान करता येतं का? अस्थिविसर्जन?

हिमनदीच्या मुखातून सुटे बर्फाचे कडे कोसळत असतात. त्यांना इशारा नसतो. लांबून स्थिर दिसणारी ती निळसर भिंत रोज थोडी थोडी तुटते, आणि गेल्या शंभर वर्षांत हे मुख मागे सरकत आलेलं आहे. त्यामुळे वनरक्षक सांगतील तिथेच थांबा आणि बर्फाखाली कोणत्याही कारणाने जाऊ नका, एका घागरीसाठीसुद्धा नाही. पाणी जेमतेम शून्याच्या वर असतं. डोक्यावर ओंजळभर शिंपडलं, आचमन केल्यासारखं ओठांना लावलं की पुरे. चार हजार मीटरवर ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहून गारठलेल्या माणसाला तिथून खाली आणणं सोपं नसतं. स्नानाची इच्छा असेल तर गंगोत्रीच्या घाटावर, साखळी धरून, दिवसा उन्हात करा.

अस्थी, पिंडदान आणि श्राद्धविधी गंगोत्रीला तीर्थपुरोहितांकडून करून घ्या. ते तिथे रीतसर होतात. निर्माल्य, कपडे, फोटोच्या चौकटी वर नेऊन सोडणं हे पुण्य नव्हे, उगमालाच घाण करणं आहे.

आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत. त्यांना नेऊ का?

गंगोत्रीपर्यंत बहुतेकांना नेता येतं, पण हर्सिलचा मुक्काम घेऊन. गोमुखाचा निर्णय वयावर नाही, प्रकृतीवर. हृदयविकार, दमा, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर नाहीच. बाकीच्यांनी निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि रोजची औषधं दुप्पट न्यावीत, अर्धी स्वतःच्या खिशात. गर्भवतींनी हा प्रवास टाळावा.

आणि जे वर जाणार नाहीत त्यांच्यासाठी दिवस रिकामा जात नाही. मुखब्याचं देवीचं मायघर, हर्सिलचं देवदारांचं रान, उत्तरकाशीचं विश्वनाथाचं देऊळ, हे सगळं निवांत बघता येतं. चालवत असेल तर नेलांग खोऱ्याच्या तोंडाशी कड्याला कोरून काढलेला गरतांग गलीचा लाकडी जिनाही आहे. तिबेटच्या व्यापाराची ती जुनी वाट १९६२ नंतर बंद पडली होती, २०२१ साली दुरुस्त करून खुली झाली. तिथेही उंचावरून चालावं लागतं, चक्कर येणाऱ्यांनी जाऊ नये.

तपोवनला जाता येईल का?

गोमुखाच्या पुढे हिमनदी ओलांडून जवळपास ४,४०० मीटरवर, शिवलिंगाच्या पायथ्याशी तपोवन आहे. तिथून ६,५४३ मीटरचं ते शिखर अख्खं उभं दिसतं. हिमनदीवरची वाट दरवर्षी बदलते, भेगा दगडांखाली झाकलेल्या असतात. अनुभवी स्थानिक वाटाड्या, वेगळी परवानगी आणि आणखी दोन-तीन दिवस असतील तरच जा. “गोमुखापर्यंत आलोच आहोत तर” म्हणून पुढे पाऊल टाकू नका. ज्यांना हे नीट शिकायचंय त्यांच्यासाठी उत्तरकाशीत १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. पुण्यातली कितीतरी मुलं-मुली तिथे बेसिक कोर्स करतात.

वाटेत कोणते प्राणी, झाडं दिसतात?

भरल हमखास. नशिबात असेल तर मोनाल हा रंगीत पक्षी आणि हिमालयन थार ही रानबकरी. हिमबिबट्या आहे, पण त्याच्या दिसण्याची आशा ठेवून जाऊ नका. चीडबासापर्यंत चीड-देवदार, पुढे भोजपत्राची झाडं. जळणासाठी ती इतकी तोडली गेली की भोजबासाचा परिसर उजाड झाला. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी तिथे पुन्हा भोजपत्र लावण्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं. म्हणून आठवण म्हणून साल सोलून आणू नका, गंगोत्रीत कोणी विकत असेल तरी घेऊ नका.

कपडे आणि सामान?

घोट्यापर्यंतचे, आधी पायात मुरलेले बूट. अंगाला चिकटणारे थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा थर, वरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, गॉगल, उन्हाचं मलम, विजेरी. सुती कपडे घामाने भिजले की वाळत नाहीत, म्हणून वरच्या टप्प्यात नकोत. हे सगळं नवं घ्यायलाच हवं असं नाही, पुण्यात ट्रेकचं सामान भाड्याने मिळतं.

पाळी आली तर? शौचालयाचं काय?

पाळीत चालायला हरकत नाही. थकवा जास्त वाटला तर त्या दिवशी थांबा. वापरलेले पॅड घट्ट बंद पिशवीत खाली आणायचे, तिथे टाकायला जागा नाही. उंचीमुळे पाळी मागे-पुढे होते, म्हणून तारीख नसली तरी सामान जवळ हवं. भोजबासाला साधी शौचालयं आहेत, वाटेत नाहीत. आडोशाला बसावं लागलं तर पाण्यापासून लांब, आणि कागद परत आणायचा.

मोबाइल, पैसे?

गंगोत्रीनंतर नेटवर्कचा भरवसा नाही. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. रोख रक्कम उत्तरकाशीतच काढा.

गंगाजल घरी कसं आणायचं?

पितळेच्या किंवा स्टीलच्या फिरकीच्या तांब्यात. प्लास्टिकचा कॅन नको. विमानात भरलेला तांब्या हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इनच्या सामानात कपड्यांत गुंडाळून द्या. वरचं पाणी राखाडी असतं, त्यात हिमनदीने दळलेली दगडाची भुकटी असते. घरी आणल्यावर तांब्या दोन दिवस हलवू नका, गाळ खाली बसतो, मग वरचं निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. देवघरासाठी आणि मावंद्याच्या दिवशीच्या गंगापूजनासाठी एक तांब्या भरपूर होतो. तीर्थ म्हणून द्यायचं असेल तर गंगोत्रीच्या घाटावरचंही पाणी आधी उकळून घ्या.